अडीच बोटांचं ट्यूनिंग

आर्वो लाम्पिनेनने थाप मारली खरी, पण मारण्याआधी गाडीत बसून ती चांगली घोकून घेतली होती.

मंगळवारी ड्वेनचं पेस्टीचं, म्हणजे खाणीत न्यायच्या मांसभरल्या करंजीचं, दुकान बंद असतं, म्हणून मागच्या खोलीत, पिठाची पोती आणि फ्रीझर यांच्या मधल्या जागेत 'बॅड एअर'चा सराव चालतो. खाणीत साचणाऱ्या विषारी हवेचं नाव या हेवी मेटल बँडला दिलेलं. तांब्याची खाण बंद पडून जमाना झाला, बँड मात्र अजून चालू. आर्वोने गिटार गळ्यात अडकवली, अँप्लिफायरचा आवाज चढवला आणि निवडणुकीला उभा असल्यासारखा घसा साफ केला.

"पंचवीस वर्षं आपण तारा त्याच त्या पद्धतीने लावतोय," तो म्हणाला. "जग कुठल्या कुठे गेलं आणि आपण बसलोय तिथेच. आता आपल्याला जड व्हायला पाहिजे. आहोत त्याहून जड."

"तू झालायस की," ड्वेन म्हणाला. "पट्ट्याचं शेवटचं भोक लागलंय तुला."

ड्वेन पेरो बास वाजवतो. बदल हा शब्द काढला की त्याला अंगावर पाल पडल्यासारखं होतं. मांस, बटाटा, कांदा, सलगम, एवढंच त्याच्या पेस्टीत असतं. मागे एका पर्यटक बाईने गाजर घालता का म्हणून विचारलं, तर याने तिला दार दाखवलं आणि वर दिवसभर हात धूत बसला.

आर्वोने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि गिटारच्या सहाही तारांवरून एकदम हात फिरवला, डाव्या हाताचं एकही बोट न लावता. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये असं केलं तर फळीवरची भांडी कोसळल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. या वेळी मात्र अख्खा, भरलेला सूर निघाला आणि फ्रीझरवरचे ट्रे थरथरले.

"बघा. तारा मोकळ्या छेडल्या तरी सूर जुळलेलाच. आता हे एक बोट आडवं टाकलं की दुसरा सूर. वर सरकवलं की तिसरा. याला ओपन ट्यूनिंग म्हणतात."

"हे जड?" ड्वेन म्हणाला. "हे रविवारच्या चर्चमधलं लहान पोरांचं गाणं वाटतंय. टाळ्या वाजवू का?"

खरं सांगायचं तर वाटत होतंच. आर्वोने सगळ्यात बारीक तार अर्धा सूर उतरवली. फरक एवढासा, पण खोलीतला उजेड कमी झाल्यासारखं वाटलं. मग त्याने सहाही तारा सारख्याच खाली आणल्या, आणखी खाली, अगदी बासच्या उंबरठ्यापर्यंत, आणि पुन्हा हात मारला. तारा इतक्या ढिल्या पडल्या होत्या की कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या हेलकावत होत्या. पण त्या लोंबण्यातूनही एक काळाकुट्ट गुरगुराट आला आणि पोटात जाऊन बसला.

"हे!" आर्वो म्हणाला. "हे पाहिजे आपल्याला. जुनी सगळी गाणी यात बसवायची. बोलिंग ॲलीतल्या कार्यक्रमाआधी."

"सगळी? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? पंचवीस वर्षांची गाणी सहा आठवड्यांत?" ड्वेनचा चेहरा गाजर पाहिल्यासारखा झाला. "बेव्ह, सांग गं याला."

बेव्ह ट्रुडेल ड्रम वाजवते आणि शाळेची बस चालवते. दोन्ही कामांत आवाजाची सवय लागते, त्यामुळे ती साधं बोलली तरी भांडल्यासारखं वाटतं, आणि बहुतेक वेळा ती भांडतच असते. बँडच्या नावावरून ती वर्षभर भांडली होती. त्या दिवशी मात्र ती काठ्या मांडीवर ठेवून आर्वोच्या हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "करू या की."

ड्वेनने आ वासला. आर्वोला वाटलं, आपलं भाषण लागू पडलं. मनातल्या मनात त्याने स्वतःची पाठ थोपटली.

खरं कारण त्याच्या डाव्या हातात होतं. हरणांच्या शिकारीच्या मोसमापासून करंगळी तळव्याकडे वळून बसली होती ती उलगडायचं नाव घेत नव्हती, आणि शेजारचं बोट तिच्या नादी लागून अर्धं वाकलं होतं. डॉक्टरने तळहात टेबलावर सपाट ठेवायला सांगितला. आर्वोने ठेवला, तर खालून उंदीर आरामात गेला असता.

"तळव्याच्या कातडीखालची दोरी आखडते," डॉक्टर म्हणाला. "उत्तर युरोपातून आलेल्या घराण्यांत फार. तुमच्या आजोबांना होतं का?"

आजोबांचा हात कायम अदृश्य बाटली धरल्यासारखा असायचा. घरचे समजायचे, सवयीने वळलाय. ऑपरेशन करता येईल, पण बोटं पुन्हा वळणार नाहीत याची खात्री नाही, आणि गिटारचं तर मला विचारूच नका, असं सांगून डॉक्टरने त्याला वाटेला लावलं.

म्हणजे झालं. वर्षानुवर्षं जी गाणी चार बोटांनी वाजवली ती आता अडीच बोटांत बसवायची. ओपन ट्यूनिंगमध्ये एक बोट आडवं टाकून निम्मं काम भागतं, म्हणून हा सगळा जडपणाचा कळवळा. गिटार गेली की बँड गेला, आणि बँड गेला की आर्वोजवळ उरणार काय, तर बर्फ. पहाटे काउंटीच्या गाडीने रस्त्यावरून ढकलायचा आणि दुपारी पुन्हा पडलेला बघायचा. बायको केव्हाच ॲरिझोनाला निघून गेली होती, उन्हासाठी, असं तिचं म्हणणं. त्याला मंगळवार होता म्हणून तो बाकीचे वार काढत होता.

मग सरळ सांगायला काय झालं होतं? सांगणार कुठल्या तोंडाने! लेनर्डचं काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे.

लेनर्ड माकी पूर्वी बँडमध्ये दुसरी गिटार वाजवायचा. लाकडं तोडून तोडून त्याची पाठ गेली. एका मंगळवारी तो म्हणाला, तासभर उभं राहवत नाही, मी स्टुलावर बसून वाजवतो. आर्वो तेव्हा नुकताच नवा अँप्लिफायर घेऊन हवेत होता. तो म्हणाला, "हे असलं संगीत बसून वाजवतात? हा बँड आहे लेका, वृद्धाश्रम नाही." लेनर्डने शांतपणे गिटार पेटीत घातली, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या आणि गेला. परत आला नाही. आता गावाच्या टोकाला चेनसॉ दुरुस्त करतो, धार लावतो, आणि आर्वोचा फोन घेत नाही. म्हणजे आर्वोने कधी केलाच नाही म्हणा, पण केला असता तरी घेतला नसता.

स्वतःचंच वाक्य असं घशात हाडकासारखं अडकून बसलं होतं.

ढिल्या तारांवर उपाय एकच, जाड तारा. त्या आल्या, पण गिटारच्या मानेच्या टोकाला जी हाडाची पांढरी पट्टी असते तिच्या खाचांत त्या मावेनात. खाचा रुंद करायच्या तर त्यासाठी खास नाजूक कानशी मिळतात. मागवल्या की चार दिवसांत घरी येतात. पण त्या गावात कुठलीही गोष्ट घासायची म्हटलं की माणसाचा हात आपोआप एकाच गोष्टीकडे जातो, चेनसॉच्या दातांना धार लावायच्या गोल कानशीकडे. कुऱ्हाडीला तीच, कुलपाला तीच, ड्वेनच्या बापाने तर म्हणे तिनेच कवळी घासली होती. आर्वोची कानस झिजली होती. नवी कुठे मिळणार? लेनर्डकडे.

शेवटी नाइलाजाने गेला. लेनर्ड स्टुलावर बसून काम करत होता.

"सगळ्यात बारीक गोल कानस दे," आर्वो म्हणाला.

"तुझ्या करवतीला ही लागत नाही."

"माझ्या करवतीचं मी बघीन."

लेनर्डने कानस दिली आणि त्याच्या हाताकडे एकदा बघितलं. "हाड घासणार असशील तर नंतर बारीक पॉलिश पेपर फिरव. नाहीतर खाचेला धारदार काठ राहतो. तार कापते."

"हाडाचं कोण बोललं?"

"कोणीच नाही," लेनर्ड म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

आता लेनर्डने सांगितलं म्हणून पॉलिश पेपर फिरवायचा, एवढा काही आर्वो लाम्पिनेन खाली आला नव्हता. त्याने घरी जाऊन खाचा घासल्या. एक तर इतकी खोल गेली की तार नुसती खरखरायला लागली. मग तिच्यात खायचा सोडा आणि चिकट गोंद भरून पुन्हा घासली. शिव्या घालत घालत दोन दुपारी गेल्या. पण शेवटी तारा बसल्या, सूर जुळला, आणि स्वयंपाकघरात एकट्याने हात मारला तेव्हा खिडकीवरचा बर्फ धाडकन खाली आला. आर्वो एकटाच हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

पुढच्या मंगळवारी आणखी एक चमत्कार झाला. ड्वेन स्वतःहून बासच्या जाड तारा घेऊन आला. आदल्या दिवशी बेव्ह त्याच्या दुकानात पेस्टी न्यायला गेली होती, आणि तिला मांसाची पेस्टी कधीच आवडत नाही. पण हे आर्वोच्या लक्षात कुठून येणार?

"काही बोलू नकोस," ड्वेन म्हणाला. "तुझं पटलेलं नाही मला. चर्चच वाटतं अजून. फक्त एक अट. तुझी ती जास्तीची गिटार आहे ना, ती जुन्याच ट्यूनिंगमध्ये राहील. एक तरी वस्तू शुद्धीवर असू दे. ती माझ्या ताब्यात."

"आणि माझी तार तुटली तर?"

"तुटेल कशाला? एवढ्या जाड आहेत."

यावर बोलायचं तर जुन्या ट्यूनिंगमध्ये मला आता वाजवता येत नाही हे बोलावं लागलं असतं. आर्वोने मान डोलावली आणि एक बोट आडवं टाकलं.

त्या भागात रस्त्यावर समोरून कुणी आलं की स्टीअरिंगवरचा हात न काढता नुसती बोटं उचलतात. ओळख असो नसो. न उचललीत तर संध्याकाळपर्यंत गावात चौकशी सुरू होते, याला कुणाचा राग आलाय म्हणून. आर्वोची बर्फाची गाडी आणि बेव्हची शाळेची बस रोज सकाळी तळ्याच्या वळणावर समोरासमोर येतात. ती तिची चारही बोटं उचलते, तो त्याची. एवढ्या वर्षांत यात कधी खंड पडला नाही. त्या हिवाळ्यातही पडला नाही.

कार्यक्रम शुक्रवारी होता. बोलिंग ॲलीत शुक्रवारी तळलेली मच्छी असते, त्यामुळे निम्मी गर्दी मच्छीला आली होती आणि उरलेली निम्मी, आपण कशाला आलो हे मच्छी खाऊन झाल्यावर बघू, अशा बेताने. बँडला पंचवीस वर्षं झाल्याचा भिंतीवर कापडी फलक लावला होता. लेनर्ड बारच्या कडेला स्वतःचं स्टूल अडवून बिअर पीत होता. आर्वोला तो दिसला आणि त्याने पाठ फिरवून तारा पुन्हा जुळवायला घेतल्या.

पहिली दोन गाणी अशी गेली की आर्वोला विश्वास बसेना. जुनीच गाणी, पण आता ती जमिनीखालून येत होती. मोकळ्या तारा एकमेकींना धरून गुंजत राहायच्या आणि वर त्याचं एक बोट खाली-वर सरकत राहायचं. पुढच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने कानाचं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि खुर्ची आणखी पुढे ओढली. ड्वेनसुद्धा मान हलवत होता, चर्च म्हणे!

तिसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर, जिथे सगळं थांबतं आणि आर्वो एकटाच सहा तारांवर हात आपटतो, तिथे त्याने हात आपटला आणि पाचवी तार हाडाच्या खाचेतच तुटली. तुटून वर उडाली आणि त्याच्या कानशिलाला चाटून गेली. धारदार काठ. पॉलिश पेपर. त्याला दुकानातला लेनर्ड अगदी शब्दन् शब्द आठवला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तार तुटणं म्हणजे शौर्यच समजतात तिथे. "दुसरी घे!" कुणीतरी ओरडलं. ड्वेन जास्तीची गिटार घेऊन समोर उभा राहिला.

आर्वोने गिटार ओळखली. ही ती शुद्धीवरची गिटार. हिच्यात चार बोटं लागतात. सगळं गाव मच्छी खाऊन समोर बसलंय, कोपऱ्यात लेनर्ड बसलाय, आणि आता हे बोट उलगडत नाही ते सगळ्यांना दिसणार. उद्यापासून कुणी काही बोलणार नाही, चांगलं वागतील, आणि तेच नको होतं. पळून जावं का, असा विचारही त्याने केला. पण दार लेनर्डच्या स्टुलापलीकडे होतं.

"धर ना," ड्वेन म्हणाला. "मुहूर्त बघतोस का?"

आर्वोने गिटार गळ्यात अडकवली. काहीतरी केल्यासारखं दाखवायला मोकळ्या तारांवर हात मारला. भांडी कोसळतील या भीतीने त्याने डोळेच मिटून घेतले होते.

भांडी कोसळली नाहीत. तोच काळाकुट्ट, खालचा, भरलेला सूर आला आणि बिअरचे ग्लास टेबलावर हलले.

त्याने खाली बघितलं. जाड तारा. हाडाच्या पट्टीत सहा खाचा, एकसारख्या, काठ न् काठ गुळगुळीत केलेले. गावात असं काम करणारा हात एकच होता.

त्याने मान वर केली. लेनर्ड बिअरच्या ग्लासात बघत होता, त्यात काहीतरी पडल्यासारखा. आर्वो मागे वळला. बेव्हने ड्रमवरून डावा हात उचलला. स्टीअरिंगवरून उचलावा तसा. पण चारही बोटं नाहीत. दोन सरळ, तिसरं अर्धं वाकलेलं, करंगळी मिटलेली.

रोज सकाळी तळ्याच्या वळणावर ती हेच बघत आली होती. अख्खा हिवाळा.

"वृद्धाश्रम उघडलाय," बेव्ह म्हणाली. ती हळूच बोलली, म्हणजे मागच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. "रडत बसणार आहेस का वाजवणार आहेस, टोणग्या?"

"मी आधीपासून चर्चच म्हणत होतो," ड्वेन म्हणाला, पण त्याने तोंड दुसरीकडे केलं होतं.

आर्वोचे डोळे भरून आले, आणि भर स्टेजवर डोळे भरून आले म्हणून त्याला स्वतःचा भयंकर राग आला. त्याने नाक बाहीला पुसलं. मग माइक ओढून घेतला.

"लेनर्ड!"

 मच्छीच्या कढईचा चर्र आवाज तेवढा येत राहिला.

"लेनर्ड, मी तेव्हा जे बोललो ते गाढवासारखं बोललो. तुझं ते स्टूल उचल आणि वर ये."

"कशाला?" लेनर्ड जागेवरूनच ओरडला. "मला हे तुझं नवं थेर येत नाही."

"एक बोट आडवं टाकता येतं ना? मग येतं."

"आणि वाजवू कशावर? तुझ्या तुटक्या गिटारवर? पाच तारा आहेत तिला!"

आर्वोने डावा हात वर केला, दिव्याच्या पुढे, सगळ्यांना दिसेल असा. करंगळी मिटलेली, शेजारचं बोट अर्धवट, तशीच्या तशी.

"मला अडीच बोटं उरलीत," तो माइकमध्ये म्हणाला. "मी कुरकुर करतोय का?"

 मग पुढच्या टेबलावरचा म्हातारा, ज्याने यंत्र काढून ठेवलं होतं आणि ज्याला काहीच ऐकू आलं नव्हतं, त्याने आपला हात वर करून उलट ओळख दिली. मग त्याच्या बायकोने दिली. मग टेबलाटेबलांवरून बोटं वर आली, तेलकट, रस्त्यावर उचलावीत तशी.

लेनर्डनेही एकच बोट वर केलं, मधलं. ते त्याने चांगलं वेळ घेऊन, हॉलभर सगळ्यांना दाखवलं. मग ग्लास रिकामा केला, दुसऱ्या हाताने पाठ धरली, स्टूल काखेत मारलं आणि वाटेतल्या लोकांना "सरका, सरका" म्हणत स्टेजकडे निघाला.